पिल्लाचे पहिले सोळा आठवडे

घरी नवे पिल्लू आले की आठवडाभर सगळ्यांना दुसरे काम सुचत नाही. बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या वस्तीवर ते पाहुण्यांकडून पिशवीतून आलेले असते. शहरातल्या सोसायटीत ते पुण्याहून विकत आणलेले लॅब्रेडॉर असते. कुठे गोठ्यामागे गावठी कुत्रीने दिलेल्या पाच पिल्लांतले एक घरातल्या मुलाने हट्टाने ठेवून घेतलेले असते. ते पायात घुटमळते, चपला पळवते, मुलांची बोटे दातांत धरते. आई ओरडली की आजी म्हणते, ‘‘लहानंय गं, खेळतंय ते.’’

आठ-दहा महिन्यांनी तेच पिल्लू पंधरा-वीस किलोचे झालेले असते. ते दूधवाल्याच्या मोटारसायकलमागे धावते, ताटाजवळ कुणी आले की गुरगुरते. एक दिवस शेजारच्या मुलाच्या हातातली भाकरी ओढताना त्याच्या गालाला दात लागतो. मग आजी कुत्र्याला बोल लावते, शेजारी मालकाला. शेवटी सगळे मिळून मुलाला घेऊन सरकारी रुग्णालयात कुत्रा चावल्याच्या इंजेक्शनच्या रांगेत बसतात. कुत्रे ‘अचानक’ बिघडले, असे तिथे बहुतेक जण सांगतात. प्रत्यक्षात अचानक फार थोडे घडलेले असते. चप्पल पळवण्याच्या, बोटे चावण्याच्या दिवसांतच बरेच काही ठरून गेलेले असते.

कच्च्या मडक्याचे दिवस

कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे दोन आठवड्यांच्या आसपास उघडतात, कान त्यानंतर थोड्या दिवसांनी काम करू लागतात. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याचा मेंदू एका खास अवस्थेत असतो. या काळात जे दिसते, ऐकू येते, ज्याचा वास येतो, ते सगळे ‘आपल्या जगातले’ म्हणून त्याच्या डोक्यात नोंदले जाते. या दिवसांत कुतूहल जास्त असते आणि भीती कमी. पुढे हळूहळू हे उलटे होते आणि अनोळखी गोष्ट दिसली की मेंदू आधी धोक्याची घंटा वाजवतो.

हे सिद्ध करणारा एक प्रयोग अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत झाला आणि १९६१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पिल्लांना उंच कुंपणाच्या शेतात आईसोबत वाढवले गेले. खाणे-पिणे मिळत होते, पण माणसाचा संबंध येऊ दिला जात नव्हता. काही पिल्लांना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात फक्त एक आठवडा माणसांत आणले गेले. काहींना मात्र चौदा आठवडे पूर्ण होईपर्यंत माणूस भेटलाच नाही. योग्य वयात एक आठवडा माणसांत राहिलेली पिल्ले माणसाला सरावली. चौदा आठवड्यांनंतर प्रथमच माणूस पाहणारी पिल्ले रानटी प्राण्यासारखी वागत राहिली आणि पुढे माया लावूनही त्यांची भीती पुरती गेली नाही. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी याच प्रयोगशाळेतल्या अनेक वर्षांच्या कामावर १९६५ मध्ये लिहिलेला ग्रंथ आजही कुत्र्याच्या वर्तनशास्त्राचा पाया मानला जातो.

यातून घरच्यांनी घ्यायचा धडा सोपा आहे. कुत्रे चावते ते बहुतेक वेळा रागाने नव्हे, तर भीतीने. लहानपणी ज्याने काठी टेकत येणारे आजोबा, डोक्यावर भारा घेतलेली बाई, हेल्मेट घातलेला माणूस, रांगणारे मूल, ट्रॅक्टर, प्रेशर कुकरची शिट्टी यांतले काहीच अनुभवलेले नाही, त्याला मोठेपणी यातली प्रत्येक गोष्ट शत्रू वाटू शकते.

मेंढरांत वाढलेले पिल्लू

ही गोष्ट पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी मेंढपाळांना माहीत होती. बारामती, इंदापूर, दौंडच्या माळांवर धनगरांचे वाडे उतरतात. मेंढरांच्या वाघरीशेजारी, कोंबड्या, घोडी आणि लहान पोरांच्या गराड्यात त्यांची पिल्ले वाढतात. डोळे उघडल्यापासून मेंढरू दिसलेले पिल्लू मोठेपणी मेंढराला खायला जात नाही. ते त्याला घरचे मानते आणि लांडगा आला तर मध्ये उभे राहते. त्याला हे कुणी काठीने शिकवलेले नसते.

अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दाम्पत्याने १९७० च्या दशकात मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांवर मोठे काम केले. त्यांचा निष्कर्षही हाच होता, की राखणीच्या कुत्र्याची जात जितकी महत्त्वाची, तितकेच महत्त्वाचे असते ते कोणत्या वयात मेंढ्यांमध्ये राहिले हे. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत मेंढ्यांची संगत मिळाली तर नाते जुळते. तो काळ उलटून गेल्यावर आणलेले कुत्रे मेंढ्यांना एक तर घाबरते किंवा त्यांच्यामागे धावते.

मेंढरांच्या जागी घरातली मुले, शेजारी, पोस्टमन आणि ऊसतोडीला आलेली माणसे ठेवली, की हाच नियम आपल्या अंगणालाही लागू होतो. दिवाळीच्या सुमारास भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. अनोळखी माणसे, बैलगाड्या आणि लहान मुले एकाएकी शेताच्या बांधावर दिसू लागतात. त्याआधी आषाढीच्या वाटेवर संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला घोड्यांचे. टाळ-मृदंग, पताका आणि हजारो वारकरी अशा गर्दीत रस्त्याकडेच्या दारात बांधलेले, कधी माणसांत न मिसळलेले कुत्रे काय करेल, हे सांगता येत नाही. तेच कुत्रे लहानपणी कुणाच्या कडेवर बसून भजन ऐकत वाढले असेल, तर बहुधा शेपूट हलवून पुन्हा झोपेल.

आईपासून कधी तोडावे?

‘लवकर आणले की लळा लागतो’ असा एक समज आहे. त्यामुळे चार-पाच आठवड्यांची पिल्लेही विकली जातात, उचलून आणली जातात. हे नुकसानीचे आहे. आई आणि भावंडे या दिवसांत पिल्लाला एक असा धडा देतात, जो माणसाला तितका नीट देता येत नाही. तो धडा म्हणजे चावा किती जोरात घ्यायचा याचा.

पिल्लाचे दुधाचे दात २८. ते तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात आणि सुईसारखे टोकदार असतात. खेळताना एका पिल्लाने दुसऱ्याला जोरात चावले की ते केकाटते आणि खेळ सोडून देते. पुन्हा जोरात चावले, पुन्हा खेळ बंद. असे शेकडो वेळा झाल्यावर पिल्लाला समजते की जबडा हलका ठेवला तर खेळ चालू राहतो. या शिक्षणाला दाताचा संयम म्हणता येईल. असा संयम शिकलेले कुत्रे मोठेपणी घाबरून कुणाच्या हाताला तोंड लावले तरी बहुधा खरचटण्यावर निभावते. तो न शिकलेल्याचा पहिलाच चावा खोल जातो. म्हणून पिल्लू सात-आठ आठवडे तरी आईजवळ राहू द्यावे. आठव्या आठवड्यात घरी आणले, तरी माणसांची ओळख करून द्यायला महिना-दीड महिना हाताशी उरतो. आणण्याआधीच्या दिवसांतही घरच्यांनी आईजवळ जाऊन पिल्लांना रोज थोडा वेळ हाताळले, तर ते अधिक चांगले.

मर्यादा म्हणजे मार नव्हे

घरी आल्यावर हा अर्धवट राहिलेला धडा माणसांनी पुढे न्यायचा असतो. पिल्लाने हात चावला की हात झटकून ओढू नये. त्याला तो खेळच वाटतो. हात सैल सोडावा, ‘नको’ असे एकदाच म्हणावे, उठून पाठ फिरवावी आणि अर्धा मिनिट त्याच्याकडे बघूही नये. मग त्याला चावायला दोरीची गाठ, जाड कापड किंवा रबरी खेळणे द्यावे. चावणे ही त्याची गरज आहे. चौथ्या महिन्यापासून दात पडून नवे येऊ लागतात, तेव्हा ती आणखी वाढते. काय चावायचे आणि काय नाही, हे ठरवून देणे ही झाली मर्यादा. ‘चावायचेच नाही’ हा हुकूम त्याला पाळता येत नाही.

शिकण्याचे शास्त्र इथे एका नियमावर उभे आहे. कृती आणि तिचे फळ यांत एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडले, की पिल्लाला त्यांचा संबंध लागत नाही. सकाळी त्याने ओसरीवर घाण केली आणि तासाभराने मालकाने त्याचे नाक तिथे घासले, तर त्याला एवढेच कळते की हा माणूस कधीकधी विनाकारण अंगावर येतो. मग ते माणसाला घाबरते आणि लपून घाण करू लागते. याउलट उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी नेले आणि तिथे मोकळे झाल्याबरोबर शाबासकी व भाकरीचा तुकडा दिला, तर बहुतेक पिल्ले काही आठवड्यांत शिकतात. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त लघवी रोखू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तो त्याचा हट्ट नसतो, मूत्राशयच लहान असते.

घरात सगळ्यांचे नियम एक असावेत. वडील ‘अंगावर उडी नको’ म्हणतात, मुलगा उडी मारल्यावर लाड करतो आणि आजी ताटातला घास देते, असे चालले तर पिल्लू गोंधळत नाही, ते चिवट होते. कधी फळ मिळते, कधी मिळत नाही, अशी सवय मोडायला सर्वांत अवघड असते, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून माहीत आहे. म्हणून शब्दही ठरलेले हवेत. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’, ‘नको’ हे पाच पुरतात. रोज तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटे, भुकेच्या वेळी शिकवावे. पिल्लू दिवसातले सोळा ते अठरा तास झोपते. त्या झोपेत कुणी त्याला उठवू नये. दमलेले, झोपमोड झालेले पिल्लूच जास्त चावते.

बक्षीस म्हणून देताना एक खबरदारी घ्यावी. या भागात द्राक्षबागा भरपूर आहेत, पण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कांदा आणि चॉकलेटही देऊ नये.

ताटाजवळची गुरगुर मात्र वेगळ्या पद्धतीने हाताळावी लागते. खाताना पिल्लाचे भांडे ओढून ‘कोण मालक’ हे दाखवण्याची काहींना सवय असते. त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणूस जवळ आला की अन्न जाते. त्याऐवजी ते खात असताना जवळून जाताना भांड्यात आणखी एक चांगला तुकडा टाकावा. माणूस येणे म्हणजे भर पडणे, असे त्याच्या मनात बसले की राखण करण्याचे कारणच उरत नाही. गुरगुरले म्हणून मात्र मारू नये. गुरगुर ही ‘मागे हो’ अशी सूचना आहे. मार देऊन ती बंद पाडली, तर पुढच्या वेळी सूचना न देताच चावा बसतो.

लांडग्याचा चुकीचा धडा

‘कुत्र्याला धाकात ठेवले नाही तर ते डोक्यावर बसते’ हा समज कुठून आला, हेही पाहण्यासारखे आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. त्या लांडग्यांत सत्तेसाठी मारामाऱ्या चालत. त्यावरून ‘कळपाचा दादा’ ही कल्पना रूढ झाली आणि कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, तेव्हा माणसाने त्याचा दादा व्हावे, असे शिकवले जाऊ लागले. पुढे डेव्हिड मेक यांनी मोकळ्या रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९९९ मध्ये ही कल्पना दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते. त्यात आई-बाप असतात आणि त्यांची वेगवेगळ्या वयांची पिल्ले असतात. तिथले पुढारपण हे आई-बापाचे पुढारपण असते. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर लांडगे आजही आहेत. ‘दादा’चा सिद्धांत त्यांच्या जातभाईंवरूनच रचला गेला होता, पण पिंजऱ्यातले पाहून.

राखणीसाठी ‘कुत्रे तिखट निघावे’ म्हणून पिल्लाला अंधारात कोंडणे, माणसांपासून तोडणे, मारणे, दिवसरात्र आखूड साखळीला बांधणे हे प्रकार याच समजाचे भाऊबंद. असे कुत्रे तिखट होत नाही, भित्रे होते. आणि भित्रे कुत्रे चोराला आणि नातवाला सारखेच चावते. चांगले राखणीचे कुत्रे ओळखीचे कोण आणि अनोळखी कोण, हे जाणते. त्यासाठी आधी पुष्कळ माणसे ओळखीची असावी लागतात.

लस आधी की ओळख आधी?

इथे एक खरी अडचण आहे. पिल्लाला जगाची ओळख करून द्यायचे दिवस आणि त्याला पार्व्हो, डिस्टेंपर यांसारख्या जीवघेण्या आजारांचा सर्वाधिक धोका असण्याचे दिवस एकच आहेत. पार्व्होत उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू काही दिवसांत दगावू शकते. त्याचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. म्हणून अनेक जण चार महिने पिल्लाला घरातून हलवत नाहीत. जीव वाचतो, पण स्वभाव बिघडतो.

लसीच्या मात्रा पुन्हा पुन्हा का द्याव्या लागतात, हे समजले की मधला मार्ग दिसतो. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला तयार प्रतिपिंडे मिळतात. ती त्याचे रक्षण करतात, पण लसही निष्प्रभ करतात. ती नेमकी कोणत्या आठवड्यात संपतील, हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिली मात्रा आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी एक, अशा सोळा आठवड्यांपर्यंत मात्रा देतात. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्ये स्पष्ट सांगितले, की पहिली लस आणि जंताचे पहिले औषध होऊन आठवडा झाला, की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाची बाहेरच्या जगाशी ओळख सुरू करावी. सगळ्या मात्रा पूर्ण होण्याची वाट बघू नये.

व्यवहारात याचा अर्थ असा, की पिल्लाला कडेवर किंवा टोपलीत घेऊन बाजार, एसटी स्टँड, शाळा सुटण्याची वेळ दाखवावी, पण जिथे भटकी कुत्री घाण करतात तिथे जमिनीवर सोडू नये. घरी पाहुणे येऊ द्यावेत. लस झालेल्या, निरोगी मोठ्या कुत्र्याशी खेळू द्यावे. आणि हे सगळे त्याच्या कलाने करावे. घाबरून मागे सरकणाऱ्या पिल्लाला ओढत ट्रॅक्टरजवळ नेले, तर ओळख होत नाही, धास्तीच बसते. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांना, पुढची पशुवैद्यक सांगतील तेव्हा आणि मग न चुकता दरवर्षी द्यावी.

मुले आणि जंत

कुत्रा चावलेल्यांत मुलांचे प्रमाण मोठे असते. उंची कमी असल्याने लहान मुलांना चेहऱ्यावर, मानेवर जखमा होतात, आणि मेंदूच्या जवळची जखम रेबीजच्या दृष्टीने अधिक धोक्याची. म्हणून मर्यादा पिल्लाला शिकवायच्या तशा मुलालाही शिकवायच्या. खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्ले पाजणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही. शेपूट, कान ओढायचे नाहीत. गळ्यात पडून मिठी मारायची नाही. अनोळखी कुत्रे अंगावर आले तर पळायचे नाही, झाडासारखे स्थिर उभे राहायचे. आणि पाच-सहा वर्षांखालचे मूल व कुत्रे, मग ते कितीही गरीब असो, मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र ठेवायचे नाहीत.

दुसरी मर्यादा तोंड चाटण्याची आणि अंथरुणाची. पिल्लाला गोलकृमी बहुधा जन्माआधीच आईकडून मिळालेले असतात. त्यांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात गेली, तर अळ्या यकृतात आणि क्वचित डोळ्यात जाऊन नजरेला इजा करतात. म्हणून पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून पशुवैद्यकांच्या सल्ल्याने जंताचे औषध सुरू करावे आणि खेळून झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत. मेंढपाळीच्या भागात आणखी एक धोका असतो. कापलेल्या शेळ्या-मेंढ्यांचे कच्चे यकृत-फुप्फुस कुत्र्याला टाकले, तर त्यातल्या गाठींमधून हायडॅटिडचा जंत कुत्र्यात वाढतो आणि त्याच्या विष्ठेतून माणसाकडे येतो. माणसाच्या यकृतात, फुप्फुसात नारळाएवढ्या गाठी होऊन शस्त्रक्रिया करावी लागू शकते. असे अवयव कुत्र्याला घालू नयेत, खोल पुरावेत.

बांधाची मर्यादा

वस्तीवरचे कुत्रे रात्री मोकळे सोडायची रीत आहे. पण या दोन तालुक्यांच्या माळांवर फक्त ससे राहत नाहीत. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकारा हरणांसाठी राखले गेले. ते जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे आहे. कडबनवाडी, शिर्सुफळच्या गवताळ माळांवर चिंकारा, लांडगा, खोकड, तरस आहेत. मोकळी कुत्री चिंकाऱ्यांची पाडसे पळवून मारतात, डिस्टेंपरसारखे आजार लांडग्यांना देतात. २०२३ मध्ये तर पुणे परिसरातल्या माळावरच्या वेगळ्या रंगाच्या लांडग्यांच्या जनुकीय तपासणीत कुत्रा आणि लांडगा यांचा संकर झाल्याचे सिद्ध झाले. भारतातला असा हा पहिला जनुकीय पुरावा. याउलट लांडग्याशी झटापट झालेले कुत्रे रेबीज घेऊन वस्तीवर येऊ शकते.

हाक मारली की परत येणे हा धडा म्हणून केवळ शिस्तीचा नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हाकेला आल्याबद्दल दर वेळी काही चांगले मिळाले, तर ही सवय आयुष्यभर टिकते. हाकेला आल्यावर कधीही रागावू नये, उशिरा आले तरी. रात्री आवारात ठेवावे आणि वेळेवर नसबंदी करावी. कुत्र्याबाबत निष्काळजी राहून माणसाला इजा होऊ दिली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकाला शिक्षा होऊ शकते, हेही माहीत असावे.

दात लागलाच तर

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यात चारांतले तीन चावे कुत्र्यांचे असतात. रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० माणसे जातात. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच मृत्यूनेच संपतो. वेळेवर उपचार घेतले तर तो जवळपास नेहमीच टळतो. या दोन ‘जवळपास नेहमी’च्या मध्ये उभी असते ती घरच्यांची तत्परता.

‘पिल्लाचा दात लागला तर काही होत नाही’ हा समज जीव घेऊ शकतो. आईला लस नसेल, पिल्लू रस्त्यावरून उचललेले असेल किंवा त्याला दुसरे कुत्रे चावलेले असेल, तर तीन महिन्यांआतल्या पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. अशा पिल्लाला पिसाळलेले म्हणून कुणी ओळखत नाही. ते फक्त मलूल होते, खात नाही, लाळ गाळते आणि दोन-चार दिवसांत मरते. तोवर घरातल्या सगळ्यांनी त्याला मांडीवर घेतलेले असते. असे पिल्लू दगावले तर ज्यांना ज्यांना ते चावले, ओरखडले, ज्यांच्या जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाला त्याची लाळ लागली, त्या सर्वांनी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दात लागल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. विषाणू मज्जातंतूंत शिरण्याआधी जखमेतच असतो आणि साबणाने त्याचे आवरण फुटते, म्हणून ही पंधरा मिनिटे औषधाइतकीच मोलाची आहेत. हळद, मिरची, चुना, तंबाखू काही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. उघड्या त्वचेला दात लागून रक्त न येता खरचटले असेल तर लस लागते. रक्त आले असेल किंवा जखमेला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन हे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते, कारण लसीचा प्रभाव सुरू व्हायला काही दिवस जातात. त्वचेत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. स्नायूत देताना १४ व्या दिवशीची एक मात्रा अधिक असते. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. गर्भवती महिला आणि बाळांनाही ती देता येते. कुत्रे घरचे असले तरी दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे, पण उपचार त्यासाठी थांबवू नयेत. ते मारून टाकू नये. ते जिवंत असेल तरच ही दहा दिवसांची पाहणी होते.

पिल्लू आणताना घरात बहुधा रंगाची, नावाची आणि जातीची चर्चा होते. त्यासोबत आणखी दोन गोष्टी ठरवून टाकाव्यात. पुढचे दोन महिने रोज पाच-पाच मिनिटे त्याला शिकवणार कोण, आणि त्याला कुठली गोष्ट कुणीच करू द्यायची नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीची तारीख त्याच दिवशी लिहून आणावी. मडके भाजायच्या आधीच आकार देता येतो, आणि पिल्लाच्या बाबतीत भट्टी सोळाव्या आठवड्याच्या आत पेटलेली असते.